कीबोर्डाची कातडी

मला चिकट वस्तू सहन होत नाहीत. गुळाचा डबा, तेलाची बरणी, एस.टी.च्या खिडकीचा गज, काहीही हाताला चिकटलं की डोक्यात तिडीक जाते. वडूजला माहेरी असताना आई म्हणायची, ही सासरी गेली की आधी उंबरा पुसून घेईल आणि मगच माप ओलांडेल. अशी मी. आणि माझ्याच घरात, माझ्याच हातानं, एक वस्तू इतकी चिकट झाली की तिच्यावर टेकवलेलं बोट ओढून सोडवावं लागत होतं. ती वस्तू म्हणजे आमच्या ह्यांचा कीबोर्ड.

हे तासगावातल्या एका बेंजो पार्टीत होते. नव्वद सालाच्या आसपास आमच्याकडं बेंजोशिवाय वरात निघत नसे. पुढं गाड्यावर कर्णे आणि जनरेटर, मागं बेंजोवाला, ढोल-ताशा, आणि कडेला लोखंडी स्टँडवर कीबोर्ड. बायका त्याला पियानो म्हणायच्या. पार्टीचे मालक वयस्क मुसलमान गृहस्थ होते, सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. चाचांनी मुंबईहून कुणाचा तरी वापरलेला परदेशी कीबोर्ड आणला, ह्यांच्या हातात दिला, आणि पुढं ह्यांनी तो त्यांच्याकडून स्वतःसाठी घेऊनच टाकला. तेव्हा आमच्या खोलीत पंखा नव्हता, पण कीबोर्ड होता.

त्याचं अंग इतर यंत्रांसारखं कडक नव्हतं. वरून सगळीकडं रबराची पातळ काळी कातडी चढवलेली होती. रेडकाच्या कानाला हात लावल्यावर जसं वाटतं तसं तिला हात लावल्यावर वाटायचं. त्या काळ्यावर पांढऱ्या बारीक इंग्रजी अक्षरांत आवाजांची नावं छापलेली होती, एकेका नावाखाली एकेक बटण. हे वरातीहून आले की आधी त्याचा गुलाल पुसायचे, मग स्वतःचा. मला हात लावू द्यायचे नाहीत. मी नुसती जवळून गेले तरी विचारायचे, "हात धुतलंस का?" मी म्हणायची, "सवत आणलीया, तर तिचं पाय पण चेपा की." ते हसायचे, पण हात लावू द्यायचे नाहीत ते नाहीतच.

वर्षातून एकच दिवस तो माझ्या ताब्यात यायचा, खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्याकडं घरातलं प्रत्येक हत्यार पुजतात. चाचांच्या घरीसुद्धा सगळी वाद्यं ओळीनं मांडून त्यांना झेंडूच्या माळा पडायच्या. आमच्या घरी माझं शिलाई मशीन आणि ह्यांचा कीबोर्ड शेजारीशेजारी बसायचे. मी ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश शिवायची. बेदाण्याच्या दिवसांत, द्राक्षं वाळत घालायच्या फाटलेल्या जाळ्या शेडवाल्यांना शिवून द्यायची. मशीन म्हटलं की तेल, हे माझ्या हाडात मुरलेलं. तेल दिलं तर मशीन जगतं, नाही दिलं तर कुरकुरतं आणि एक दिवस बंद पडतं. म्हणून पहिल्या खंडेनवमीला माझं मशीन पुसून झालं, आणि त्याच फडक्याला दोन थेंब जास्त घेऊन मी कीबोर्डही पुसला. अशी काही झळाळी आली त्याला! ह्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "लय झ्याक दिसतंय गं." मला ते पुरलं. ह्यांच्या तोंडून कौतुक म्हणजे दुष्काळातला पाऊस होता.

रबराला तेल चालत नाही, हे मला माहीत नव्हतं. ह्यांनाही नव्हतं. चाचांनाही नव्हतं. घरात जे जे प्रेमाचं, त्याला आपण तेल लावतो. बाळाला लावतो, केसांना लावतो, बैलाच्या शिंगांना लावतो. त्यानं कुणाचं वाटोळं झालेलं मी तोवर बघितलं नव्हतं.

मग पार्टीचं काम आटलं. लोकांना कॅसेट लावून मोठ्या आवाजात नाचायचं वेड लागलं. लग्नसराईचे चार महिने सोडले तर हे घरात बसून असायचे आणि घरात बसलेला पुरुष दिवसेंदिवस आंबत जातो. आमच्या भागातली निम्मी तरणी माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून, तेजाबात घालून शुद्ध करायचं काम. ह्यांच्या मावसभावाचं केरळात दुकान होतं. त्यानं बोलावलं आणि हे गेले. जाताना कीबोर्ड गादीवर ठेवून म्हणाले, "हे जप. दोन-एक वर्सांत येतो, मग हाईच आपलं वाजवणं."

मी बरोबर जायचा प्रश्नच नव्हता. दुकानाच्या माळ्यावर पाच-सहा पुरुष झोपायचे, तिथं बाईमाणसाला कुठं नेणार? मूलबाळ झालेलं नव्हतं. सासू-सासरे कुंडलजवळच्या गावी, थोरल्या दिरांकडं. म्हणजे खोलीत मी, मशीन आणि कीबोर्ड. दिवसा गिऱ्हाइकं यायची, मापं द्यायची, गप्पा मारायची. सहानंतर कुणी येत नसे. मी एकटीसाठी भाकरी थापायची आणि ती तव्यावर टाकताना मला वाटायचं, ही कशासाठी चाललीय सगळी उठाठेव. एका माणसाचा स्वयंपाक हा स्वयंपाक वाटत नाही. कितीदा तरी मी चहात शिळी चपाती बुडवून झोपले आहे.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात फोन होता. रविवारी सकाळी मी तिथं जाऊन काडेपेटी, साबण असलं काहीतरी घेत रेंगाळायची. फोन आला की दुकानदार हाक मारायचा आणि दुकानातली सगळी गिऱ्हाइकं माझ्या तोंडाकडं बघायची. अशा वेळी नवरा-बायको काय बोलणार? पाऊस पडला का, जाळ्यांचं काम आलं का, पेटी बरी आहे का. कीबोर्डाला ते पेटी म्हणायचे. मी म्हणायची, "बरी हाय, परवाच पुसली."

आणि मी खरंच पुसत होते. आता अडवणारं कुणी नव्हतं. मशीनला तेल द्यायचा दिवस आला की कीबोर्डालाही द्यायची. त्या माणसासाठी मला करण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं. कपडे धुवायचे तर ते तिकडं, डबा द्यायचा तर तो तिकडं. हाताखाली होतं ते एवढंच. म्हणून मी ह्यांचे हातपाय चोळावेत तसं त्याला तेल चोळायची. मग वरून फ्लॅनेलचं अस्तर लावलेली रेक्झिनची खोळ शिवून घातली आणि दोरी बांधून टाकली.

दोन वर्षांची तीन झाली, तिनाच्याही पुढं सरकली. हे वर्षातून एकदा चैत्रात गावच्या यात्रेला यायचे, ते पाव्हण्यासारखे. यायचे, गावी जायचे, बोकडाचं जेवण व्हायचं, परत. कीबोर्ड उघडायला सवड व्हायची नाही. खोळ बघून म्हणायचे, "छान शिवलीस."

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी माघ सरता सरता चाचा माझ्या दारात आले. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "पोरी, यंदा सुपाऱ्या आल्यात बघ. लोकांना परत बेंजो पायजे झालाय. माझ्याकडं सगळी हायेत, पियानोला माणूस न्हाई. तुझा धनी यात्रेला यील तवा त्याला सांग, आता ऱ्हा म्हणावं हितंच."

त्यांच्या चहात मी दोनदा साखर घातली. हे राहणार. आता राहणार. चाचांच्या सुपाऱ्या आणि ह्यांची पेटी, एवढं जुळलं की झालं. त्या रविवारी मी फोनवर सगळ्या दुकानाच्या देखत मोठ्यानं सांगितलं, "चाचा बोलवाय लागल्यात. लगीनसराईचं काम हाय." पलीकडून बराच वेळ नुसती खरखर ऐकू आली. मग हे म्हणाले, "बघू. आल्यावर बोलू." एवढ्यावर मी घरी नाचत आले. 'बघू' म्हणणारा माणूस नाही म्हणालेला नसतो, असा मी हिशेब केला.

घरी आले आणि कीबोर्डाची दोरी सोडली. जाळ्यांच्या कामामुळं दिवाळीनंतर तो मी उघडलाच नव्हता. खोळ ओढली तर निघेना. जोर लावला, तेव्हा सोलल्यासारखा आवाज करत ती निघाली. आतलं फ्लॅनेल जागोजाग कीबोर्डाला चिकटून राहिलं होतं. काळ्या अंगावर पांढरी लव. बोट लावलं तर बोट चिकटलं. उचलायला गेले तर दोन्ही तळवे काळे झाले. पत्र्याखाली तापलेल्या त्या खोलीत रबराची ती कातडी वितळून उसाच्या मळीसारखी झाली होती. ह्यांनी जपायला दिलेली एक वस्तू. तीही अशा वेळी, जेव्हा तिच्यावर माझं सगळं घर टांगलेलं होतं.

रडायला बसावं असा माझा स्वभाव नाही. मी चिडले. पहिल्यांदा कीबोर्डावर, मग उन्हावर, मग ह्यांच्यावर, मग पदर खोचला.

आधी साबणाचं पाणी. काही उपयोग नाही, पाणी त्याच्यावरून ओघळून गेलं. मग बेसन लावून बघितलं, तेलकट हात आपण पिठानं धुतो म्हणून. त्याचा तर पिठल्यासारखा राडा झाला. मग अंगाला लावायची पावडर. तिनं चिकटपणा झाकला, आणि मला वाटलं सुटले. दुपारपर्यंत पावडर आत जिरली आणि काळ्याचं करडं झालं, चिकट होतं ते तसंच. रॉकेल लावलं तर ते सगळं पातळ होऊन बटणांच्या फटीत उतरायला लागलं, म्हणून घाबरून थांबले. यात्रा जवळ येत होती. गिऱ्हाइकं ब्लाउज मागत होती आणि मी त्यांना उद्या या, परवा या सांगत होते. एक बाई म्हणाली, "बाई, तुमचं ध्यान कुठं हाय?" मी म्हटलं, "पियानोत." तिला वाटलं मी तिची चेष्टा करते.

शेजारच्या खोलीत दवाखान्यातल्या एक नर्सबाई राहायच्या. त्या संध्याकाळी दाराशी आल्या आणि माझे हात बघून म्हणाल्या, "काय डांबराच्या कामाला जायला लागलीस काय?" मी त्यांना सगळं दाखवलं. त्यांनी बोट लावून बघितलं, वास घेतला. म्हणाल्या, "चिकटपट्टी काढल्यावर पेशंटच्या अंगाला असाच डिंक ऱ्हातो. आमी स्पिरिटनं काढतो. बघ लावून." दुसऱ्या दिवशी त्यांनी बाटली आणून दिली.

शिलाई करणाऱ्या बाईकडं चिंध्यांना तोटा नसतो. हाताला लागली ती चिंधी घेतली, लाल ब्लाउजची होती, स्पिरिटमधे बुडवली आणि घासली. कातडी निघायला लागली खरी, पण चिंधीचा लाल रंगही उतरला आणि कीबोर्ड खाटकाच्या ओट्यासारखा दिसायला लागला. मी कपाळाला हात लावला, तो हातही काळा होता. मग फक्त पांढऱ्या अस्तराच्या चिंध्या निवडून काढल्या. एका वेळी तळहाताएवढीच जागा घ्यायची. ओली चिंधी त्यावर थोडा वेळ ठेवायची, आणि मग एकाच दिशेनं ओढत न्यायची. मागंपुढं घासलं की ते परत पसरायचं. बऱ्याच दिवसांनी अंघोळ घालताना अंगावरच्या मळाच्या वळ्या निघतात, तशा काळ्या वळ्या निघायच्या. बटणांच्या कडेनं चिंधी जात नव्हती, तिथं मी जाड दोरा स्पिरिटमधे भिजवून दोन्ही हातांत ताणून फिरवला. दार-खिडकी उघडी ठेवूनही डोकं दुखायचं. हाताची कातडी पांढरी पडून सुरकुतली. पण खालून करड्या रंगाचं, कडक, गुळगुळीत प्लॅस्टिक दिसायला लागलं, आणि त्याच्यावर बोट टेकवलं तर ते आपलं आपण उचललं जात होतं. इतका आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. तो सांगायला खोलीत कुणी नव्हतं, म्हणून मशीनलाच म्हटलं, "बघितलंस का?"

जवळजवळ निम्मं अंग झाल्यावर माझ्या ध्यानात आलं, की अक्षरं गेली. पांढरी नावं कातडीवरच छापलेली होती. कातडीबरोबर ती चिंधीत आली होती. मी टोपलीतल्या चिंध्या उलगडून बघितल्या. सगळीकडं नुसतं काळं. उरलेली बाजू तशीच ठेवावी म्हटलं, तर ती इतकी चिकट होती की तिच्यावर माणूस हात ठेवू शकला नसता. मी त्या दिवशी काम सोडून भिंतीला टेकून बसले. नावं नसलेल्या बटणांचा कीबोर्ड ह्यांच्या पुढ्यात ठेवायचा कसा? वरातीत, गर्दीत, कुठलं बटण कशाचं हे त्यांना कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी उरलेलंही साफ केलं. आणि ठरवलं, की आता हा वाजवून बघायचा. आवाज ऐकला तर बटण कशाचं ते कळेल. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण वाजवायला म्हणून मी एकदाही त्या पट्ट्यांवर बोट ठेवलेलं नव्हतं. पिशवीतून ह्यांची वायर काढली, खोचली, बटण दाबलं, आणि एका पांढऱ्या पट्टीवर बोट टेकवलं. शेवटच्या वरातीत आवाज पूर्ण चढवलेला होता, तो तसाच राहिलेला. जे काही किंचाळलं ते! नर्सबाई हातात लाटणं घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं मशीनची सुई माझ्या बोटात गेली. मग दोघी हसून हसून खाली बसलो.

आवाज कमी करायचं सापडल्यावर मी एकटीनं बसून एकेक बटण लावून बघितलं. एकात घंटा होती. एकात पेटी, भजनातल्यासारखी. एकात सनई, ती ऐकली की नवरी निघालीच असं वाटायचं. एकात बासरी. मला वाजवायला येत नव्हतं, मी आपली एकच पट्टी दाबून धरायची. बासरीची पट्टी मी खूप वेळ दाबून ठेवायची. खोलीत माझ्याखेरीज दुसरा कुणीतरी श्वास घेतोय असं वाटायचं. हे घरात असताना हा आवाज माझ्या कानावरून जायचा आणि मी म्हणायची, जरा बंद करा, डोकं उठलं. आता मला तो थांबूच नये असं वाटत होतं.

नावं लिहायची कशानं? शाईचं पेन प्लॅस्टिकवर ठरेना. मग मला टिकल्या आठवल्या. बाजारातून टिकल्यांची रंगीबेरंगी पाकिटं आणली आणि प्रत्येक बटणाजवळ एकेक लावली. तांबडी बासरीला. हिरवी सनईला. पिवळी घंटेला. ज्या आवाजांची नावं मला माहीत नव्हती, त्यांना खड्यांच्या टिकल्या. झाल्यावर लांबून बघितलं. हळदीकुंकवाला निघालेल्या बाईसारखा दिसत होता. मला इतका बरा वाटला, की तोपर्यंतचा सगळा शीण गेला. यात्रा आली होती आणि मी तयार होते.

हे सकाळच्या गाडीनं आले. वाळलेले, केस पिकायला लागलेले. हातावर पाणी घालताना मी त्यांची बोटं बघितली. तेजाबानं ती पिवळी पडली होती आणि टोकांची कातडी टाचेसारखी राठ झाली होती. जेवण झाल्यावर नवी शिवलेली खोळ काढली.

ते बघतच राहिले. मग हसले. "हे काय, पेटीचं हळदीकुंकू केलंस व्हय? आन् अक्षरं कुठं गेली?"

मी सगळं सांगितलं. तेलाचं, चिकटपणाचं, रॉकेलचं, स्पिरिटचं. सांगताना मी मान खाली घालून त्यांच्या रागाची वाट बघत होते. एके काळी नुसता बोटाचा ठसा दिसला तरी घर डोक्यावर घेणारा माणूस. ते म्हणाले, "जाऊ दे गं. हुतंय की असं." ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी चाचा आले. हे दोघं गळ्यात गळा घालून भेटले. चाचांनी खूण केली तसे हे कीबोर्डापुढं बसले. डाव्या हातानं सुरुवात केली, हळदीला वाजवायचे तीच चाल. दोन ओळी बऱ्या गेल्या. तिसऱ्या ओळीला बोटं एकमेकांत अडकली. ते थांबले, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडकले. मग बटणांवरून हात फिरवत माझ्याकडं बघून म्हणाले, "बासरी कुठली गं?"

"तांबडी टिकली," मी म्हटलं.

"आन् सनई?"

"हिरवी. ती न्हाई, तिच्या म्होरली."

चाचा खाली बघायला लागले. ह्यांनी वायर काढली, गुंडाळली, नीट दोरी बांधली. त्यांची गुंडाळायची पद्धत मात्र तीच होती. मग म्हणाले, "न्हाई चाचा, बोटं वळत न्हाईत आता. आन् तुमच्यापासनं काय लपवायचं, तिकडं मला दुकानात भागीदार करून घ्यायचं ठरलंय. मी हो म्हणून आलोय."

हो म्हणून आलोय. म्हणजे तिकडं गाडीत बसतानाच ठरलेलं होतं. फोनवर नुसती खरखर ऐकू येत होती, तेव्हाच बहुधा ठरलेलं होतं. चाचा म्हणाले, "बरं झालं रं. पोटाचं बघायलाच पायजे." चहा पिऊन ते गेले. दारात माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. असा हात ते कधी ठेवायचे नाहीत.

ते गेल्यावर मी विचारलं, "मग माझं काय?"

ह्यांनी खोलीभर नजर फिरवली. घड्या घातलेले ब्लाउज, मशीन, घासलेली भांडी, टिकल्या लावलेला कीबोर्ड. त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं कौतुक होतं, खोटं सांगणार नाही. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं तसं बघितलं नव्हतं.

"तुझं काय? तुझं तर लय बेस चाललंय की," ते म्हणाले. "मी तिकडं उगंच घोर लावून घ्यायचो, एकटी कशी काढत आसंल म्हणून. आज बघितलं ना. एवढं वंगाळ झालेलं, एकटीनं बसून लख्ख केलंस. दुसरी कोण आसती तर रडत बसली आसती. आता मला काळजी न्हाई."

मला म्हणायचं होतं, की आवं, मी हे सगळं तुम्ही यावं म्हणून केलं. मला एकटीला काही जमत नाही, मला भाकरी गोड लागत नाही. माळ्यावर जागा नसेल तर भाड्यानं खोली बघा, पण मला इथं ठेवू नका. सगळं तोंडाशी आलं होतं. पण एवढ्या वर्षांनी हा माणूस माझ्यावर खूश होऊन बसला होता, आणि ते कौतुक मोडायला माझी जीभ रेटेना.

मी म्हणाले, "व्हय, चाललंय माझं."

ते निवांत झाले. भिंतीला टेकून त्यांनी पाय पसरले आणि दुकानाची हकिकत सांगत बसले. भट्टी कशी, तिथले सराफ कसे, नारळ किती. मी हं हं करत भांडी आवरली. दुसऱ्या दिवशी आम्ही गावी गेलो, यात्रा झाली, बोकडाचं जेवण झालं, आणि परत जायच्या दिवशी मी वाटेत खायला धपाटी बांधून त्यांना तासगावच्या स्टँडवर सोडायला गेले. गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात केला. त्यांच्या तोंडावर काळजी म्हणून उरली नव्हती. ती मीच काढली होती, चिंध्या आणि स्पिरिट घेऊन, कितीतरी दुपारी एकटीनं बसून.